हिमनदीच्या खडीतला अकीक: मिनेसोटात नव्याने शोधायला निघालेल्यांसाठी

मिसिसिपीच्या काठावरच्या खडीत पहिल्यांदा उतरलेला माणूस लाल दगड शोधायला लागतो. मिनेसोटाचा अकीक, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा अर्धपारदर्शक दगड (इंग्रजीत ॲगेट), लाल असतो हे त्याने ऐकलेलं असतं. पण त्या खडीत लाल दगडांना तोटा नाही. लाल वालुकाश्म असतो, लाल रायोलाइट, म्हणजे लाव्ह्याचा एक खडक, असतो, तांबूस ग्रॅनाइट असतो, शिवाय पुरात वाहून गोल झालेले विटांचे तुकडेही असतात. तासाभरात पिशवी भरते आणि घरी धुऊन पाहावं तर अकीक एकही निघत नाही. म्हणून नवख्यांना माझं एकच सांगणं असतं, दगड नंतर शोधा, आधी खडी वाचा. समोरची खडी हिमयुगात कुठल्या बाजूच्या बर्फाने आणली ते कळलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं काम उजेडाचं आहे.

हा दगड इथे कसा पोचला

सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिका खंड मधोमध फाटू लागला. आज जिथे लेक सुपीरिअर आहे त्या भागात भेगांमधून बेसाल्टचा लाव्हा थरावर थर वाहिला. खंड पुरता दुभंगला नाही, फाटणं मध्येच थांबलं, पण लाव्ह्याचे थर राहिले. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्यांच्या पोकळ्या झाल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्यातली सिलिका या पोकळ्यांत भरत गेली, भिंतीपासून आतल्या बाजूला, पातळ पातळ पट्ट्यांनी. बेसाल्टमधलं लोह त्या पाण्यात मिसळलं होतं. लाल आणि नारिंगी पट्टे त्या लोहाच्या एका खनिजाचे, हेमॅटाइटचे. बाहेरची पिवळट-तपकिरी छटा लिमोनाइटची, तेही लोहाचंच.

महाराष्ट्रातून आलेल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. दख्खनचा बेसाल्ट वयाने खूप लहान आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, पण त्याच्याही पोकळ्यांत अकीक, कॅल्सेडोनी (अकीकासारखाच, पण पट्टे नसलेला दगड) आणि झिओलाइटचे स्फटिक असेच भरले. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहिलेल्या माणसाला अकीक म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. नेवाशाला प्रवरेच्या खडीत तर अश्मयुगातल्या माणसांनी अकीक, चर्ट आणि जॅस्पर या सिलिकाच्या कठीण दगडांची हत्यारं केलेली सापडली आहेत. फरक आहे तो वाहतुकीचा. आपल्याकडे बेसाल्टमधून सुटलेला गोटा नदीने वाहून नेला. इथे नदीच्या आधी बर्फ आला.

हिमयुगात उत्तरेकडून सरकणाऱ्या हिमचादरीची एक जीभ सुपीरिअरच्या खोलगट भागातून नैऋत्येला घुसली. भूवैज्ञानिक तिला सुपीरिअर लोब म्हणतात. तिने वाटेतला बेसाल्ट खरवडला, भरडला आणि पुढे ढकलला. बेसाल्टचा बराच भाग भुगा होऊन गेला. अकीकाचा कठीणपणा १ ते १० च्या मोह्स मापनात ६.५ ते ७, त्यामुळे तो टिकला. बर्फाच्या निरनिराळ्या फेऱ्यांनी हे गोटे विस्कॉन्सिन, आयोवा, नेब्रास्का, अगदी कॅन्ससपर्यंत नेऊन टाकले. बर्फ वितळला तेव्हा त्याच्या पाण्याने बारीक गाळ वाहून नेला आणि खडीचे ढिगारे मागे ठेवले. आजच्या नद्या तेच ढिगारे कापत, पुन्हा चाळत वाहतात. मिनेसोटाने १९६९ मध्ये या अकीकाला राज्याचं रत्न म्हणून मान्यता दिली.

पहिली पायरी: खडी तांबडी की करडी?

मिनेसोटात शेवटच्या हिमयुगातल्या बर्फाने टाकलेला माल ढोबळ मानाने दोन प्रकारचा आहे. ईशान्येकडून आलेल्या सुपीरिअर लोबचा माल तांबूस. वायव्येकडून आलेल्या डे मॉइन लोबचा माल करडा किंवा मातकट पिवळा, चुनखडी आणि शेल या पापुद्र्यांच्या मऊ खडकाचे तुकडे मिसळलेला. अकीक पहिल्या मालात असतो. दुसऱ्यात दिवसभर वाकून शोधलंत तरी बहुधा पाठदुखीच मिळेल.

हे ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. खडीत पोचल्यावर न निवडता, जे हाताला येतील ते वीस-तीस गोटे उचला आणि एका सपाट दगडावर मांडा. आता त्यांचे गट करा. काळसर करडा, जड, कधी पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरलेला दगड म्हणजे बेसाल्ट. ते ठिपके म्हणजे भरून आलेले बुडबुडेच. विटकरी रंगाचा, बारीक स्फटिकांचे कण दिसणारा तो रायोलाइट. बोटाखाली वाळूसारखा खरखरीत लागणारा तांबडा दगड म्हणजे वालुकाश्म. हे तिघं भरपूर असतील तर तुम्ही योग्य जागी आहात, थांबा. फिकट पिवळे-पांढरे गोटे जास्त असतील आणि व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर फसफसत असतील तर ती चुनखडी. सोबत नखाने पापुद्रे सुटणारा करडा शेल दिसला तर जागा बदला.

ट्विन सिटीज, म्हणजे मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांच्या आसपास थोडा गोंधळ आहे. इथे आधी तांबडा माल पडला आणि नंतर वायव्येकडच्या बर्फाचा एक फाटा त्यावर करडा माल पसरून गेला. म्हणून नदीच्या पात्रात दोन्हींची सरमिसळ आढळते. अशा ठिकाणी वेळ जास्त द्यावा लागतो, एवढंच. उत्तरेला कार्लटन काउंटी आणि मूस लेककडे गेलात की खडीचा चेहरामोहरा बदललेला तुमचा तुम्हालाच दिसेल.

दुसरी पायरी: जागा आणि परवानगी

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी गाळू नका. मिनेसोटाच्या स्टेट पार्कमधून दगड उचलायला बंदी आहे, मग तो केवढाही लहान असो. सेंट क्रॉइ नदीचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आहे, तिथेही बंदी आहे. तिथली खडी सुंदर आहे, ती पाहा, फोटो काढा, तिथेच ठेवा. नदीकाठची बरीचशी जमीन खासगी मालकीची असते. पात्रात उतरण्यासाठी तिच्यावरून जायचं असेल तर मालकाला विचारा. शहराच्या किंवा काउंटीच्या उद्यानांचे नियम जागोजागी वेगळे असतात, आधी फोन करून घ्या.

खडीच्या खाणी अकीकासाठी उत्तम. तिथे उघडी पडलेली खडी पावसाने धुतलेली असते. पण कामाच्या वेळी तिथे अवजड यंत्रं चालतात आणि ढिगाऱ्याच्या कडा अवचित ढासळतात. मालकाची स्पष्ट परवानगी असेल तरच जा आणि उभ्या कड्याच्या पायथ्याशी बसून कधीही शोधू नका. वसंतात नांगरलेली शेतंही चांगली असतात. शेतकऱ्याला दार वाजवून विचारलं, काय शोधतोय ते नीट सांगितलं तर अनेकदा होकार मिळतो, कारण शेतातले दगड त्यालाही नकोच असतात. पेरणी झाली असेल तर मात्र शेतात पाऊल टाकू नका.

बाहेर पडण्याआधी एकदा मूस लेकला जाऊन या. आय-३५ महामार्गावर, ट्विन सिटीज आणि डलुथच्या दरम्यान हे गाव आहे. तिथल्या स्टेट पार्कमधल्या माहिती केंद्रात अकीक आणि भूविज्ञान यांचं चांगलं प्रदर्शन आहे. काचेमागचे घासूनपुसून चमकवलेले नमुने पाहून भुरळ पडते, पण तुम्ही न घासलेले, कच्चे गोटे जास्त वेळ पाहा. खडीत दिसणार आहेत ते तसेच. जुलैत गावात अकीकाचा उत्सव भरतो आणि रस्त्यावर ओतलेल्या खडीतून अकीक आणि नाणी वेचायला लहानथोर तुटून पडतात. मुलांना या छंदाची गोडी लावायची तर त्यासारखं ठिकाण नाही.

तिसरी पायरी: पात्रात नेमकं कुठे, आणि केव्हा

नदी वळते तिथे बाहेरच्या काठाला पाणी कापतं आणि आतल्या काठाला माल टाकतं. तो आतल्या बाजूचा खडीचा पट्टा तुमचा. बेटांचं वरच्या अंगाचं टोकही पाहा, तिथे जाड गोटे अडकतात. अख्खा पट्टा सारखा नसतो. प्रवाहाच्या वरच्या टोकाला मोठे धोंडे, खालच्या टोकाला वाळू आणि मध्ये सुपारीपासून लिंबाएवढ्या गोट्यांचा भाग असतो. सुरुवात या मधल्या भागातून करा. बहुतेक अकीक लहानच असतात, वाटाण्यापासून बोरापर्यंत. मुठीएवढा मिळाला तर तो दिवस लक्षात राहतो.

वसंतातला पूर ओसरला की नदीने खडी नव्याने उलथलेली असते आणि आपल्या आधी कुणी ती पाहिलेली नसते. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी सर्वांत खाली जातं आणि एरवी बुडालेले पट्टे उघडे पडतात. माझा कौल या दुसऱ्या काळाला आहे. पाणी कमी, डास कमी आणि सूर्यही हळूहळू कलता होत जातो. जोरदार पावसानंतर दुसऱ्या दिवशीची सकाळ केव्हाही चांगली, कारण दगडांवरची धूळ धुऊन गेलेली असते.

चौथी पायरी: सूर्याकडे तोंड

नवखे लोक सूर्य पाठीशी घेऊन चालतात, फोटो काढताना घेतात तसा. त्याने रंग छान दिसतात आणि अकीक लपतो. अकीक अर्धपारदर्शक आहे, हाच त्याचा सगळ्यांत मोठा सुगावा. सूर्य समोर आणि खाली असताना, म्हणजे सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर, त्याच्याकडे तोंड करून सावकाश चाला. बेसाल्ट, रायोलाइट, वालुकाश्म सगळे आपल्या सावल्या टाकून मठ्ठ पडलेले दिसतात. त्यांच्यामध्ये एखादा गोटा आतून उजळतो, त्याची कड नारिंगी दिसते. दगडाच्या पृष्ठभागावरची चकाकी आणि आतून आलेला उजेड यांतला फरक डोळ्याला कळायला थोडा वेळ लागतो. तो कळला की मग शोधणं सोपं होतं.

गडद चष्मा काढून ठेवा, तो लाल-नारिंगी छटा खाऊन टाकतो. पाण्यात शोधत असाल तर पोलराइज्ड चष्मा उपयोगी, कारण तो पृष्ठभागाची चमक मारतो. ढगाळ दिवशी उजेडाची ही युक्ती चालत नाही. तेव्हा पाण्याच्या कडेची ओली पट्टी धरा, ओल्या दगडांचे पट्टे आणि रंग स्पष्ट दिसतात. कोरड्या खडीसाठी पाण्याची फवारणीची बाटली जवळ ठेवा.

चालण्याची पद्धतही ठरवून घ्या. पट्ट्यावर इकडेतिकडे भटकू नका. एक अरुंद पट्टी पकडून टोकापर्यंत जा, वळा, शेजारची पट्टी पकडून परत या. मग गुडघे टेकून बसा आणि हातभर अंतरातली खडी निरखून पाहा. गुडघ्यांना पॅड लावलेत तर बराच वेळ टिकाल. उभ्याने मोठे गोटे सापडतात, बसून लहान, आणि लहानच जास्त असतात.

पाचवी पायरी: हातात घेऊन ओळखणं

समजा, संशय यावा असा एक गोटा उचलला. आधी त्याची साल पाहा. पोकळीच्या भिंतीला चिकटून वाढल्यामुळे अकीकाच्या बाहेरच्या अंगावर लिंबाच्या सालीवर असतात तसे बारीक खळगे असतात, आणि त्यांत बहुधा पिवळसर गंज बसलेला असतो. मग टवका उडालेली जागा शोधा. बर्फाने इतक्या लांब लोटत आणलेला दगड कुठेतरी फुटलेला असतोच. त्या जागी पृष्ठभाग मेणचट चमकतो, फूट शिंपल्यासारखी वळणदार असते आणि नशीब असेल तर लाल-पांढरे पट्टे एकामागोमाग एक, पोकळीच्या आकाराला समांतर वळलेले दिसतात. आता तो अंगठा आणि तर्जनीत धरून सूर्यासमोर न्या. पातळ कडेतून उजेड आरपार आला तर अकीक किंवा कॅल्सेडोनी. पट्टे दिसत नसतील तरी ठेवून घ्या, ते कधी कधी सालीच्या आत दडलेले असतात. दहापट भिंग असेल तर केसाएवढे बारीक पट्टेही दिसतात.

शंका उरली तर चाकूच्या पोलादी टोकाने ओरखडा काढून पाहा. अकीकावर ओरखडा उठत नाही, उलट पोलादाची करडी रेघ दगडावर उमटते. फसवणारे दगड साधारण ठरलेले आहेत. गंजाने रंगलेला क्वार्ट्झ उजेड आत घेतो पण त्यात पट्टे नसतात. क्वार्ट्झाइटमध्ये साखरेसारखे कण चमकतात. जुन्या बाटल्यांची झिजलेली काच फारच पारदर्शक असते आणि तिच्यात बारीक गोल बुडबुडे दिसतात.

जॅस्परला मात्र वेगळी नजर लागते, कारण तो उजेड अजिबात आत येऊ देत नाही. घटक तोच, अतिसूक्ष्म क्वार्ट्झ, पण लोहाचे कण त्यात इतके ठासून भरलेले असतात की पातळ कडही अपारदर्शक राहते. इथला बराच जॅस्पर लाव्ह्यातला नाही. उत्तर मिनेसोटाच्या मेसाबीसारख्या लोहखनिजाच्या पट्ट्यांतून तो आला आहे, आणि ते खडक सुमारे १९० कोटी वर्षांचे आहेत. नदीच्या खडीत तो गडद लाल, गुळगुळीत, हाताला घट्ट लागणारा गोटा म्हणून भेटतो. कधी त्यात काळे किंवा पोलादी करडे पट्टे असतात. त्यांना चुंबक चिकटलं तर ते मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकीय लोहखनिज, आहे असं समजा. रायोलाइटमध्ये भिंगाखाली वेगळे स्फटिक दिसतात, जॅस्परमध्ये कणच दिसत नाहीत. विटेचा तुकडा पाण्याचा थेंब शोषून घेतो, जॅस्परवर तो तसाच बसून राहतो.

लाल जॅस्परमध्ये बोटांसारखी वर वाढलेली नागमोडी नक्षी दिसली तर तो दगड जपून ठेवा. ती स्ट्रोमॅटोलाइटची खूण आहे, उथळ समुद्रात थरांनी वाढलेल्या सूक्ष्मजीवांच्या वसाहतींची. बिवाबिक गावाजवळच्या मेरी एलन खाणीवरून त्याला मेरी एलन जॅस्पर म्हणतात. पृथ्वीवर प्राणी नव्हते, झाडं नव्हती, तेव्हाचं जीवन तुमच्या तळहातावर असतं. माझ्या लेखी चांगल्या अकीकापेक्षा त्याचं मोल जास्त आहे.

हातोडा घरी ठेवा. आत काय आहे ते पाहण्यासाठी अकीक फोडणारे लोक दगड वाया घालवतात, आणि उडालेली कपची काचेइतकीच धारदार असते. कापायचाच असेल तर डायमंड ब्लेडची करवत असलेला जाणकार गाठा. ट्विन सिटीजमध्ये दगड-खनिजांच्या हौशी मंडळांत असे लोक भेटतात.

जिवाची काळजी

वसंतात पाणी बर्फासारखं गार असतं आणि गुडघाभर प्रवाहही माणसाला पाडतो. धरणाच्या खालच्या अंगाला पाणी अचानक वाढू शकतं, तिथे मुलांना पात्रात सोडू नका. काठावरच्या गवतातून येताना हरणांवरच्या गोचिड्या अंगावर चढतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होतो. पँट मोज्यांत खोचा, फिकट कपडे घाला, घरी आल्यावर काखा, मांड्या, केसांची मुळं तपासा. तीन-तीन पानांचं पॉयझन आयव्ही ओळखायला शिका.

घरी आल्यावर

दगड साबणाच्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासा. बहुतेकांना एवढंच पुरतं. जागेचं नाव आणि तारीख चिठ्ठीवर लिहून प्रत्येक पिशवीत ठेवा, शेजारी खडी तांबडी होती की मिश्र तेही लिहा. चार ठिकाणचे दगड एका डब्यात मिसळले की कुठल्या पट्ट्यावर पुन्हा जायचं ते सांगता येत नाही.

मोठा, पट्टे दाखवणारा अकीक टंबलरमध्ये, म्हणजे दगड घोळवून चकचकीत करणाऱ्या फिरत्या पिंपात, टाकू नका, साल आणि आकार दोन्ही जातात. लहान गोटे आणि जॅस्पर मात्र त्यात छान होतात. दोघांचा कठीणपणा सारखा असल्यामुळे ते एकत्र चालतात. बेसाल्टचा तुकडा सोबत गेला तर तो झिजून इतरांची चमक घालवतो. पिंप दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरा, पाणी दगडांच्या वरच्या थराच्या किंचित खाली ठेवा. आधी सिलिकॉन कार्बाइडची जाडी भरड (घासायची पूड), ६०/९० ची, मग १२०/२२०, मग ५०० (आकडा मोठा तशी पूड बारीक) आणि शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइडचं पॉलिश. प्रत्येक टप्प्याला साधारण आठवडा लागतो, पहिल्याला जास्तही. टप्पा बदलताना दगड आणि पिंप दोन्ही स्वच्छ धुवा. जाड्या भरडीचे चार कण जरी पुढच्या टप्प्यात गेले तरी चरे पडतात. धुतल्यावर निघणारा चिखल सिंकमध्ये ओतू नका, तो नळीत सिमेंटसारखा बसतो. बादलीत खाली बसू द्या, वरचं पाणी अंगणात टाका आणि गाळ वाळवून कचऱ्यात द्या.